निघा म्हणणारं कुणीतरी

पाहुण्याला ‘निघा आता’ म्हणायची आपल्याकडे रीत नाही. पाहुण्याने ‘निघतो’ म्हणायचं, यजमानाने ‘अहो, आत्ता तर आलात’ म्हणायचं, आणि मग पाहुण्याने आणखी अर्धा तास बसायचं. उठल्यावर कुंकू लावणं होतं, चपला पायात सरकवताना कुणाच्या तरी गुडघ्यांचा विषय निघतो, आणि फाटकाशी पोचल्यावर मुळात ज्यासाठी आले होते ते काम आठवतं. माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. गणपतीला म्हणून आलेले एक काका घट बसले तरी आमच्या पडवीतच बसलेले असायचे. आई त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवून ‘आता दसरा करूनच जावा’ म्हणायची आणि आत येऊन भांडी आपटायची. ‘येवा, कोकण आपलाच असा’ अशा पाट्या आमच्याकडे रस्तोरस्ती आहेत. परत कधी जायचं, ते एकाही पाटीवर लिहिलेलं नाही.

अशा वळणात वाढलेल्या बाईला इंग्लंडच्या फार्न बेटांवर पहिली गोष्ट खटकते ती हीच, की तिथे तुम्ही पोचायच्या आधीच तुम्हाला निघायची वेळ सांगतात.

ही बेटं इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, नॉर्थंबरलंडच्या किनाऱ्यासमोर आहेत. ओहोटीला मोजली तर २८च्या आसपास भरतात, भरतीला त्यातली बरीचशी बुडी मारतात. सीहाउसेस नावाच्या छोट्या बंदरातून होड्या सुटतात. आमची लेक न्यूकॅसलला असते. सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे गेलेल्या आईबापांचं काय होतं, ते ज्यांची लेक परदेशात आहे त्यांना सांगायला नको. पहिला महिना मेतकूट-भाजणी डब्यांत भरण्यात जातो, दुसऱ्यात किल्ले आणि चर्च होतात, आणि तिसऱ्यात लेकीकडची ठिकाणं संपतात, आईबाप शिल्लक राहतात. मग एके दिवशी ती म्हणते, “चला, तुम्हाला पक्षी दाखवते.”

तिकिटं दोन काढावी लागतात. एक होडीवाल्याचं, नेऊन आणायचं. दुसरं नॅशनल ट्रस्टचं, बेटावर पाय ठेवायचं. “म्हणजे नेणार, पण उतरवणार नाही?” आमच्या ह्यांनी विचारलं. हे पुण्याचे, तिकिटावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय ते खिसा उघडत नाहीत. लेकीने समजावलं की बेटाची मालकी १९२५पासून ट्रस्टकडे आहे, होडी वेगळ्यांची आहे, आणि उतरायचं नसेल तर नुसती फेरी मारूनही येता येतं. “न उतरता फेरी मारायला कोण पैसे देईल?” हे म्हणाले. तो प्रश्न त्या वेळी मलाही बिनतोड वाटला होता.

होडीत सूचना सुरू झाल्या. लाकडी फळ्यांच्या वाटेवरूनच चालायचं. वाटेवर पक्षी बसला असेल तर आपण थांबायचं. कुत्री आणायची नाहीत. वेळ झाली की होडी निघणार, तेव्हा वेळेत धक्क्यावर यायचं. आणि शेवटी, सगळ्यांनी टोप्या घाला.

ही शेवटची सूचना ऐकून ह्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी मुंजीच्या फोटोनंतर पाहिलं नव्हतं. ह्यांनी जूनच्या इंग्लंडात माकडटोपी आणली होती. न्यूकॅसलच्या रस्त्यावर ती घालायला लेकीने साफ मनाई केली होती, आणि ती टोपी इतके दिवस कोटाच्या खिशात अज्ञातवासात होती. आता तीच लेक म्हणाली, “बाबा, टोपी घाल.” ह्यांनी सावकाश, सगळ्या होडीला दिसेल अशा बेताने ती चढवली, कानावरून खाली ओढली, आणि माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत मी त्या टोपीबद्दल जे जे बोलले होते, त्या सगळ्याचं उत्तर त्या बघण्यात होतं.

टोपीचं कारण इनर फार्न या बेटावर उतरल्याबरोबर कळलं. धक्क्यावरून वर जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना आर्क्टिक सुरय अंडी घालून बसलेले होते. घरटं म्हणावं असं काही नाही, मातीत जरासा खळगा आणि त्यात एकदोन ठिपकेदार अंडी. पक्षी जेमतेम शंभर ग्रॅमचा. पांढरं-राखी अंग, डोक्यावर काळी टोपी (त्याची त्याला उपजत आहे), रक्तासारखी लाल चोच. तो आधी तुमच्या डोक्याच्या वर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि कर्कश आवाजात काय ते एकदाच सांगतो. तुम्ही ऐकलं नाहीत तर खाली झेपावून टाळूवर टोचतो, आणि वर जाता जाता आणखीही काही अंगावर सोडून जातो. तोही निघाच म्हणत असतो, फक्त त्याच्याकडे ‘प्लीज’ नाही.

तो नेहमी सर्वांत उंच भागावर हल्ला करतो. म्हणून जाणती माणसं हात नाहीतर काठी डोक्याच्या वर धरून चालतात. ह्यांची उंची पावणेसहा फूट आणि त्यावर माकडटोपीचा गोंडा. मी पाच फूट. सप्तपदीनंतर इतक्या निष्ठेने मी ह्यांच्या मागून चालले नव्हते. गोंड्यावर टकटक होत होती आणि हे आतून, लोकरीत गुरफटलेल्या आवाजात, “काही नाही, काही नाही, चला,” म्हणत पुढे जात होते. मागून येणाऱ्या एका उघड्या टकलाच्या गृहस्थाने त्या टोपीकडे ज्या असूयेने पाहिलं, ते बघून मला पहिल्यांदाच ह्यांचा अभिमान वाटला.

पण त्या पक्ष्याचा राग समजून घ्यायचा तर तो कुठून आला आहे हे माहीत हवं. इथली वीण उरकून हा सुरय अंटार्क्टिकाच्या समुद्रावर जातो, म्हणजे वर्षातून दोन उन्हाळे बघतो आणि मधली वाट पंखांनी कापतो. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये इथल्या काही सुरयांच्या पायांना ग्रॅमभराचंही वजन नसलेली यंत्रं बसवली होती. त्यातला एक पुढच्या वर्षी परत आला तेव्हा त्याच्या खात्यात सुमारे ९६,००० किलोमीटर जमा होते. १९८२ च्या उन्हाळ्यात इथे कडी घातलेलं एक पिल्लू त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सापडलं होतं. उडायला शिकून फार तर तीन महिने झालेले! आमचा नातू त्या वयात मान धरायला शिकला, त्याचेही पेढे वाटले होते. इतकं फिरून जो फक्त अंडी घालण्यापुरता जमिनीला पाय लावतो, त्याच्या त्या चार हात जागेत शिरणं म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत चपला घालून, फोटो काढत जाण्यासारखं आहे. त्याने टोचलं यात काय नवल? आमच्याकडच्या सुईणीनेही टोचलं असतं.

वाट वर चढली की एक लहानसं चॅपेल आणि एक जाडजूड दगडी बुरूज लागतो. चॅपेलला संत कथबर्टचं नाव आहे. हा साधू इसवी सन ६७६ मध्ये एकांतासाठी या बेटावर येऊन राहिला. बीड नावाच्या इतिहासकाराने पुढच्या पिढीत त्याचं चरित्र लिहिलं. त्यात आहे की, कथबर्टने आपल्या झोपडीभोवती इतकी उंच भिंत घातली, की आतून फक्त आकाश दिसावं. मला हा माणूस लगेच आवडला. पण त्याच चरित्रात हेही आहे, की धक्क्याजवळ त्याला एक मोठं घर बांधावं लागलं. कशासाठी, तर भेटायला येणाऱ्यांच्या मुक्कामासाठी! समुद्रात एका खडकावर जाऊन बसलं तरी पाहुणे चुकत नाहीत, हे सातव्या शतकापासून सिद्ध आहे.

त्या पाहुणेघराच्या छपराचं गवत दोन डोमकावळे उपसून नेत असत. कथबर्टने त्यांना खडसावलं आणि बेटावरून घालवून दिलं. तीन दिवसांनी त्यातला एक पंख पसरून, मान खाली घालून परत आला, माफी झाली, आणि मग दोघांनी येताना डुकराच्या चरबीचा एक गोळा भेट आणला. साधूने तो ठेवून घेतला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बुटांना लावायला देऊ लागला. कावळ्यालाही कळतं की कुणाच्या घरी परत जायचं तर रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि साधूलाही कळतं की आलेली भेट पुढे कशी सरकवायची. आमच्या कपाटातल्या ब्लाउजपीसांना हा न्याय चांगला माहीत आहे.

इथल्या आयडर बदकांवर कथबर्टचा विशेष जीव होता आणि त्यांना कुणी हात लावू नये असा नियम त्याने घातला होता, असं म्हणतात. आजही तिथली माणसं त्या बदकाला त्याच्याच नावाने ओळखतात. एक आयडर मादी चॅपेलच्या भिंतीशी, वाटेपासून दोन हातांवर अंड्यांवर बसली होती. तपकिरी अंगावर काळ्या रेघा, बाजूच्या वाळक्या गवतात अशी मिसळलेली की लेकीने बोट दाखवूनही मला आधी दगडच दिसला. मग त्या दगडाने डोळा उघडला. ती जवळजवळ साडेतीन आठवडे अशी बसते, आणि त्या काळात जवळपास काही खात नाही. आपल्याच छातीची मऊ पिसं उपटून तिने अंड्यांखाली अंथरली होती, त्यातलं एक पीस वाऱ्याने तिच्या चोचीशी थरथरत होतं. शेजारून माणसांचे बूट जात होते, कॅमेरे वाजत होते, वरून सुरय ओरडत होते. ती हलली नाही की तिने बघितलं नाही. मी तिच्याजवळ उभी राहिले तेवढ्यात माझं एका पायावरून दुसऱ्या पायावर करून झालं, पर्स सावरून झाली, ह्यांना हाक मारून झाली. सहनशीलतेवर आम्ही बायका उगीच मक्ता सांगतो.

बेटाचा वास मात्र सगळ्यांना सारखा मिळतो. हजारो पक्षी, त्यांचे मासे, आणि माशांचं त्यांनी जे केलं ते. ह्यांनी टोपीच्या वर रुमाल बांधला; आता डोळे तेवढे उरले होते. मी सुक्या मासळीवर वाढलेली, मला काही जड गेलं नाही. कड्याशी गेलं की खाली गिलिमॉट खेटून उभे असतात. ते घरटं बांधायच्या भानगडीतच पडत नाहीत, उघड्या कातळावर अंडं घालतात. त्यांची पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली की उडता येत नसतानाही कड्यावरून थेट समुद्रात उडी टाकतात. बाप खाली पाण्यातून हाका मारत असतो.

पण लोक येतात ते पफिन बघायला. या बेटांवर त्यांच्या चाळीस हजारांहून जास्त जोड्या वीण करतात. फोटोंमुळे तो मोठा वाटतो. प्रत्यक्षात टीचभर उंचीचा, चारशे-साडेचारशे ग्रॅमचा पक्षी. चोचीचे ते प्रसिद्ध रंग फक्त विणीपुरते. हिवाळ्यात तो वरचे रंगीत पापुद्रे टाकून देतो, आणि सण संपल्यावर दागिने उतरवून ठेवावेत तसा साधा होऊन समुद्रावर जातो. जमिनीत बीळ करून त्यात एकच अंडं. पिल्लाला भरवायला सँडईल नावाचे बारीक, लांबुडके मासे. जीभ आणि टाळू खरखरीत असल्यामुळे आधीचे मासे तिथे अडकवून तो पुढचे पकडू शकतो, म्हणून एका खेपेत दहादहा मासे चोचीत आडवे धरून येतो.

तसाच एक पफिन वाटेपासून हातभर अंतरावर येऊन उतरला. चोचीच्या दोन्ही बाजूंनी चंदेरी शेपट्या लोंबत होत्या. उतरला खरा, पण पुढे जाईना. एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे. भला मोठा कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ नेमके त्याच्या आणि बिळाच्या मधल्या फळ्यांवर गुडघे टेकून बसले होते, आणि “पोझ देतोय, पोझ देतोय,” अशा आनंदात धडाधड फोटो काढत होते. तो बिचारा पोझ देत नव्हता. त्याला घरी जायचं होतं. वर एक कुरव घिरट्या घालू लागला होता, कारण चोचीत मासे घेऊन ताटकळलेला पफिन म्हणजे कुरवाला आयतं ताट. तेवढ्यात बेटावरची रेंजर मुलगी आली. वय असेल पंचवीस, अंगावर पक्ष्यांनी दिलेली नक्षी, चेहऱ्यावर हसू. ती म्हणाली, “सर, माफ करा, तुमच्यामागे एक दार आहे, आणि घरमालक बाहेर उभा आहे.” गृहस्थ उठले. पफिन तुरुतुरु धावत बिळात दिसेनासा झाला. सगळं दहा सेकंदांत झालं, कुणाचा अपमान झाला नाही, आणि एका पिल्लाचं जेवण वाचलं.

मला त्या मुलीचा हेवा वाटला. आयुष्यभर जे एक वाक्य माझ्या घशात अडकलं, ते ही पोर पगार घेऊन दिवसाला शंभरदा म्हणते.

रेंजर मंडळी मार्चपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत बेटावरच राहतात, त्या जुन्या दगडी बुरुजात. नळाचं पाणी नाही; वादळ उठलं तर दिवसचे दिवस होडी नाही. पक्षी मोजायचे, वाटा राखायच्या, आणि माणसांना वेळेवर हाकलायचं. २०२२ मध्ये बर्ड फ्लूची साथ आली तेव्हा याच माणसांनी संरक्षक पोशाख घालून सहा हजारांवर मेलेले पक्षी गोळा केले. बेटावर उतरणं बंद झालं ते २०२४ च्या वसंतात उघडलं.

मी तिला विचारलं, “आम्ही कुणीच आलो नाही तर बरं नाही का? पक्ष्यांना निवांत मिळेल.” माझी समजूत होती की ती भिडेखातर ‘नाही हो’ म्हणेल आणि मनातून ‘हो’ म्हणेल. पण तिने गंभीरपणे मान हलवली. तिचं म्हणणं, सुरय वाटेच्या कडेला, चॅपेलच्या अंगणात अंडी घालतात ते काही जागेची टंचाई आहे म्हणून नाही. माणसांचा वावर असला की मोठे कुरव जरा दबून असतात. अंडी आणि पिल्लं पळवणाऱ्या कुरवांपेक्षा फळ्यांवरून न उतरणारी माणसं परवडली.

म्हणजे ज्या पक्ष्याने ह्यांच्या गोंड्याची लक्तरं केली होती, त्याने आम्हाला बिनपगारी पहारेकरी नेमलं होतं, आणि वर तो पहारेकऱ्याला चोचही मारत होता. आम्ही तर दोन तिकिटं काढून ड्यूटीवर आलो होतो! पण यात एक अट आहे, ती त्या मुलीने न सांगताही दिसत होती. माणूस पक्ष्याच्या उपयोगी पडतो तो फळीवर आहे तोवर आणि वेळेवर निघतो तोवर. फळी आणि घड्याळ काढून घेतलं की तोच माणूस कुरवाहून वाईट.

याला तिथला इतिहास साक्ष आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या या किनाऱ्यावर लोक होड्या भाड्याने घेऊन, कड्यांवर अंड्यांवर बसलेले पक्षी बंदुकीने टिपायला जात. खेळ म्हणून. शिवाय बायकांच्या टोप्यांना पिसं लागत. दाट धुक्यात कडा जवळ आला हे खलाशांना पक्ष्यांच्या ओरडण्यावरून कळे, तेही पक्षी यात गेले. शेवटी १८६९ मध्ये समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला; वन्य पक्ष्यांना वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये झालेला हा पहिला कायदा मानतात. त्यात होतं तरी काय? विणीच्या महिन्यांत मारू नका, एवढंच. बाकी वर्षभर मोकळीक. म्हणजे कायद्यानेही पहिल्यांदा तोंड उघडलं ते ‘एवढे चार महिने निघा’ म्हणायलाच. पुढे बेटांवर राखणदार बसले, मग ट्रस्ट आला, फळ्या आल्या, आणि सव्वाशे-दीडशे वर्षांत बंदूक घेऊन येणाऱ्यांची पतवंडं माकडटोप्या शोधू लागली.

हे सगळं बघत असताना माझ्या डोक्यात वेंगुर्ला घोळत होतं. आमच्याकडेही बेटं आहेत. हवा स्वच्छ असली की निवती-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून क्षितिजावर काळे खडक दिसतात, त्यातल्या एकावर दीपगृह आहे. नकाशात त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. तिथे सुरयांची वसाहत आहे, आणि खडकातल्या गुहेत भारतीय पाकोळ्या. इथे अ‍ॅलन ह्यूमही येऊन गेले, म्हणजे ज्यांनी पुढे काँग्रेस स्थापन केली तेच. ते पक्ष्यांचेही मोठे अभ्यासक होते, आणि १८७० च्या दशकात पश्चिम किनाऱ्याच्या सफरीत त्यांनी या खडकांची नोंद केली. हुमायून अब्दुलाली यांनी १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये इथल्या सुरय-पाकोळ्यांवर लेख लिहिला. लहानपणी आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. दिवा लुकलुकायचा, आणि जेवायची वेळ झाली हे कळायचं.

तिथे फळ्या नाहीत, रेंजर नाही, तिकीट नाही. तरी पक्षी टिकले त्याला एक मोठा राखणदार कारण आहे, तो म्हणजे नैर्ऋत्येचा पाऊस. उन्हाळा सरता सरता आणि पावसात सुरयांची वीण होते, आणि त्या दिवसांत आमच्या समुद्राजवळ जायची कुणाची छाती नसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला सरकारची बंदी आहे, पण जुन्या माणसांना सरकारने सांगायची गरज नव्हती. होड्या ओढून शाकारायच्या, जाळी दुरुस्त करायची, आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय पाण्यात पाऊल घालायचं नाही. इंग्रजांनी कायदा करून जे मिळवलं, ते आमच्याकडे एका नारळावर भागत होतं.

पण पाकोळीचं दुर्दैव असं, की तिची वीण फेब्रुवारी-मार्चलाच सुरू होते. तेव्हा समुद्र शांत, होडी सहज जाते, आणि ‘निघा’ म्हणायला पाऊस हजर नसतो. ही पाकोळी आपल्या लाळेने गुहेच्या भिंतीला वाटीएवढं घरटं चिकटवते, आणि त्या घरट्यांच्या सुपाला परदेशात मोठा भाव. त्यामुळे घरटी खरवडून नेणाऱ्यांना रान मोकळं होतं. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’च्या लोकांनी या शतकाच्या सुरुवातीला ही चोरी उजेडात आणली आणि वनखात्याला बरोबर घेऊन राखण सुरू केली. एकाच खडकावर दोन पाखरं: एकाच्या विणीला दार लावून घेणारा पाऊस होता, दुसऱ्याच्या विणीला दार सताड उघडं. कुणाची घरटी लुटली गेली ते सांगायला नको.

म्हणून हल्ली मला कुणी विचारलं, ‘पक्ष्यांच्या बेटावर जावं का हो?’ तर मी उलट विचारते, ‘तिथे निघा म्हणणारं कुणी आहे का?’ असेल तर जरूर जावं. पैसे द्यावेत, फळीवरून चालावं, टोपी घालावी, डोक्यावर दोन टोले खावेत, आणि हाक आली की तिसरा फोटो न काढता निघावं. आपल्या तिकिटावर त्या पंचविशीतल्या पोरीचा पगार निघतो आणि आपल्या सावलीला कुरव दबकतो. पण जिथे कुणी हाकलणारंच नाही, तिथे आपण स्वतःला हाकलू अशी खात्री मी माझीही देत नाही. समोर पिल्लू दिसलं की पाय पुढे पडतोच. ‘एकच मिनिट’ हे मराठी माणसाचं सर्वांत लांब मिनिट आहे.

परत आल्यावर माहेरी गेले होते. भाच्याने आता पर्यटकांसाठी होडी घेतली आहे, डॉल्फिन दाखवतो. मी समुद्राकडे बघत बसलेली पाहून म्हणाला, “चल गे मावशे, तुका बेटार घेवन जातंय.”

“थंय आपणांक हाकलूक कोण आसा?” मी विचारलं.

“कोणव नाय! आपलाच राज्य.”

“मग नको.”

त्याला वाटलं मला होडी लागते. मी त्याला सुरय, पाकोळी, फळ्या, रेंजर असं सगळं सांगितलं. धंद्यातला मुलगा, त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आणि थोडा विचार करून म्हणाला की न उतरता, लांबून फेरी मारून आणतो, दुर्बीणही देतो. मात्र पैसे उतरण्याएवढेच पडतील, डिझेल काही कमी लागत नाही.

हे लगेच हिशेबाला लागले. “न उतरण्याचे पूर्ण पैसे कसले?” मी त्यांना गप्प केलं आणि पाकिटातून नोटा काढल्या. उतरण्याचं तिकीट असतं तसं न उतरण्याचंही असायला हवं, आणि खरं तर ते थोडं महागच असायला हवं. दुर्बिणीचं भाडं मात्र ह्यांनी घासाघीस करून निम्म्यावर आणलं.